पायोनियर यानांचा वेग नेमका कशामुळे कमी होत होता?

वैधृती (मूळ प्रश्न)

सर्वांस नमस्कार. पायोनियर १० आणि पायोनियर ११ ही नासाची दोन याने सूर्यमालेच्या बाहेरच्या भागात पोहोचल्यावर अपेक्षेपेक्षा किंचित अधिक मंदावत होती, हे मी प्रथम वाचले त्याला बरीच वर्षे झाली. तेव्हा हा विषय नेहमी ‘गुरुत्वाकर्षणाचे आपले नियम इतक्या अंतरावर तोकडे पडतात की काय’ अशा सुरात मांडलेला असे. अलीकडे मात्र ‘ते यानाच्या स्वतःच्या उष्णतेमुळे होत होते, प्रश्न मिटला’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण केलेली दिसते. या दोन टोकांच्या मध्ये जे घडले ते मला कुठेच सलग वाचायला मिळालेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी अडचण आकड्यांची आहे. जॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली जाहीर केलेले व २००२ साली सविस्तर मांडलेले जादा त्वरण ०.८७४ नॅनोमीटर प्रतिसेकंद वर्ग (अधिक-उणे ०.१३३) इतके असून त्याची दिशा सूर्याकडे होती. प्रत्येक यानावर प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर चालणारी चार विद्युतजनित्रे, म्हणजे आरटीजी, होती आणि प्रक्षेपणाच्या वेळी त्यांतून एकूण सुमारे अडीच हजार वॅट उष्णता निघत होती. ही उष्णताच जर कारण असेल तर मला दोन गोष्टी कळत नाहीत. उष्णता चहूकडे पसरते, मग धक्का एकाच दिशेला का बसावा? आणि प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य ८७.७ वर्षे असल्याने उष्णता वर्षागणिक घटत जाणार, तर त्वरणही तसेच घटायला हवे होते; पण मूळ लेखकांनी ते स्थिर असल्याचे नोंदवले होते व उष्णतेचे कारण नाकारताना जी कारणे दिली त्यांत हेही एक होते. मग पुढे असे काय सापडले की नाकारलेलेच कारण स्वीकारावे लागले? एखादे उत्तर सोयीचे आहे म्हणून आकडे त्याच्याशी जुळवून घेतले गेले, असे तर नाही ना, ही शंका मनातून जात नाही.

कक्षागणिती

प्रश्न नेमका मांडला आहे. उष्णतेकडे वळण्यापूर्वी ‘मंदावणे’ या शब्दाचा उलगडा करतो, कारण बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

सूर्यापासून दूर जाणारे कोणतेही यान मंदावतच असते; वर फेकलेला चेंडू मंदावतो त्याच कारणाने. सूर्यापासून २० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) सूर्याचे गुरुत्वाकर्षण यानाला दर सेकंदाला सुमारे १४,८०० नॅनोमीटर प्रतिसेकंद या हिशेबाने मागे ओढते. वादाचा विषय होता तो या ओढीच्या वर उरलेल्या जेमतेम ०.८७ नॅनोमीटरचा, म्हणजे तिच्या सतरा हजाराव्या भागाचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरणाच्या तुलनेत तो सुमारे अकराशे कोटी पटींनी लहान आहे. तरीही तो साचत जातो. एका वर्षात वेगात पावणेतीन सेंटीमीटर प्रतिसेकंद इतका फरक पडतो, पहिल्या वर्षाअखेर यान अपेक्षित जागेपासून सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक मागे राहते आणि अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दहा वर्षांत ही पिछाडी चाळीस हजार किलोमीटरांच्या पुढे जाते.

मात्र ही पिछाडी कोणी दुर्बिणीतून पाहिलेली नव्हती. पृथ्वीवरील केंद्र एका अचूक वारंवारितेचा रेडिओ संकेत यानाकडे पाठवते, यान त्याच संकेताला २४० भागिले २२१ या ठरीव गुणोत्तराने बदलून परत पाठवते आणि परत आलेल्या संकेताची वारंवारिता पृथ्वीवरच्या अणुघड्याळाच्या आधारे मोजली जाते. यानाचा वेग, पृथ्वीचे परिवलन आणि परिभ्रमण, ग्रहांची ओढ, सूर्याजवळून जाताना संकेताला होणारा विलंब हे सारे जमेस धरून जी वारंवारिता यायला हवी ती गणिताने काढतात आणि प्रत्यक्ष वारंवारितेतून वजा करतात. पायोनियर १० च्या बाबतीत ही वजाबाकी शून्याभोवती रेंगाळायला हवी होती. प्रत्यक्षात ती एकाच दिशेने सरकत राहिली. एकेरी मार्गाच्या हिशेबाने आठ वर्षांत दीड हर्ट्झ, तेही २.२९ अब्ज हर्ट्झच्या संकेतात.

हा हिशेब किती नाजूक आहे हे एका तपशिलावरून ध्यानात येईल. पायोनियर याने भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरून स्थिर राहत. रेडिओ लहर वर्तुळाकार ध्रुवित असल्याने यानाच्या प्रत्येक फेरीगणिक संकेतात दोनाहून थोड्या अधिक आवर्तनांची भर पडते, आणि मिनिटाला चार-साडेचार फेऱ्या धरल्या तर एवढ्यानेच सुमारे ०.१५ हर्ट्झचा फरक येतो. म्हणजे शोधत असलेल्या विसंगतीच्या नऊ-दहा महिन्यांच्या सरकण्याइतका फरक केवळ यान गिरकी घेते म्हणून पडतो, आणि तो वजा करायला विसरणे परवडणारे नव्हते.

हीच गिरकी या यानांचे मोठे बलस्थानही होती. व्हॉयेजर याने आपली दिशा राखण्यासाठी लहान थ्रस्टर, म्हणजे झोत सोडणारी छोटी इंजिने, वारंवार उडवतात, त्यामुळे नॅनोमीटरच्या पातळीवरचे काही त्यांच्या नोंदींत दिसणे अवघड असते. पायोनियरला तशी गरज क्वचितच पडे. विसंगती पायोनियरमध्ये दिसली आणि व्हॉयेजरमध्ये दिसली नाही यात गूढ काही नाही. एक तराजू संवेदनशील होता, दुसरा नव्हता.

तापमापक

‘उष्णता चहूकडे जाते, मग धक्का एकाच दिशेला का’ या प्रश्नाला मी हात घालतो.

प्रकाश असो, रेडिओ लहरी असोत वा उष्णतेचे अवरक्त प्रारण असो, प्रत्येकाला संवेग असतो. ज्या दिशेला प्रारण जाते तिच्या उलट दिशेला उत्सर्जकाला धक्का बसतो आणि त्या बलाचे मान म्हणजे शक्ती भागिले प्रकाशाचा वेग. याचे घरचेच उदाहरण पायोनियरवर होते. यानाचा प्रक्षेपक सुमारे ८ वॅटचा रेडिओ झोत अँटेनातून पृथ्वीकडे सोडत असे. ८ वॅटला प्रकाशाच्या वेगाने भागले आणि यानाच्या सुमारे २४१ किलोग्रॅम वस्तुमानाने पुन्हा भागले, की ०.११ नॅनोमीटर प्रतिसेकंद वर्ग इतके त्वरण मिळते. झोत पृथ्वीकडे, म्हणजे जवळजवळ सूर्याकडेच, जात असल्याने हा धक्का यानाला सूर्यापासून दूर ढकलणारा होता. अँडरसन यांच्या गटाने तो २००२ च्या लेखात रीतसर धरला आहे; तो धरल्यामुळे विसंगती कमी न होता उलट वाढली.

आता त्रैराशिक मांडा. ८ वॅटच्या झोताने ०.११, तर ०.८७४ साठी किती? उत्तर येते सुमारे ६४ वॅट. अडीच हजार वॅटपैकी केवळ अडीच टक्के उष्णता सूर्याच्या विरुद्ध दिशेला जास्तीची गेली, की सगळी विसंगती भरून निघते. तेव्हा खरा प्रश्न असा ठरतो की हे यान आपली उष्णता सर्व दिशांना अडीच टक्क्यांच्या अचूकतेने समान वाटत होते का. त्याची रचना एकदा डोळ्यांसमोर आणली तर ‘होय’ म्हणणे कठीण आहे.

पुढच्या बाजूला पावणेतीन मीटर व्यासाची अँटेनाची तबकडी, कायम पृथ्वीकडे तोंड करून. तिच्या मागे उपकरणांची चपटी षट्कोनी पेटी. पेटीभोवती उष्णतारोधक पापुद्र्यांचे अनेक थर गुंडाळलेले. आतील उपकरणांची उष्णता बाहेर सोडण्यासाठी झडपा बसवलेल्या होत्या त्या पेटीच्या मागच्या अंगाला, म्हणजे सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला. तापमान उतरले की या झडपा मिटत, पण मिटलेल्या झडपांची बाजूही पापुद्रे गुंडाळलेल्या बाजूंपेक्षा उष्णता अधिक सहज सोडते. दोन आरटीजींची एक जोडी एका दांड्यावर, दुसरी दुसऱ्या दांड्यावर, पेटीपासून सुमारे तीन मीटर अंतरावर. त्यांची बरीचशी उष्णता खरोखरच चहूकडे जाते, परंतु जो भाग तबकडीच्या पाठीवर पडतो तो तिथून मागेच परावर्तित होतो.

थोडक्यात, एक मोठी तबकडी पुढच्या बाजूला आडोसा धरून उभी आहे आणि उष्णतेची झडप मागे आहे. असे यान मागे थोडी अधिक उष्णता सोडणारच, आणि पायोनियर ज्या दिशेने चालले होते ती हीच ‘मागची’ बाजू होती. गाडीचा दिवा पुढे प्रकाश टाकतो तसे हे यान आपल्या वाटेवर उष्णता टाकत चालले होते, आणि त्या उष्णतेचा उलट धक्का त्याचा वेग कमी करत होता.

हे सुचायला कोणाला २०१२ साल, म्हणजे उष्णतेचा पूर्ण हिशेब मांडला गेला ते वर्ष, उजाडावे लागले नाही, हेही सांगितले पाहिजे. जोनाथन कॅट्झ आणि एडवर्ड मर्फी यांनी १९९९ मध्येच हा मुद्दा मांडला. मर्फी यांनी तर विद्युत उपकरणांच्या उष्णतेवर आणि मागच्या झडपांवर नेमके बोट ठेवले होते. २००३ मध्ये लुई शेफर यांनी परिचित बलांच्या बेरजेतून हे त्वरण निघू शकते असे दाखवले. अडचण कल्पनेची नव्हती. तो ६४ वॅटचा हिशेब कागदावर सिद्ध करायला लागणारी माहिती तेव्हा कोणाच्या हाताशी नव्हती, ही अडचण होती.

वैधृती

दोघांचेही आभार. ८ वॅटवरून ६४ वॅटवर येण्याची रीत मनापासून पटली.

परंतु स्थिरतेचा मुद्दा अजून उभाच आहे. मी कालच एक साधी शीट मांडली. २००२ च्या लेखातील पायोनियर १० च्या नोंदी जानेवारी १९८७ ते जुलै १९९८ अशा साडेअकरा वर्षांच्या आहेत. ८७.७ वर्षांच्या अर्धायुष्याने तेवढ्या काळात उष्णता सुमारे ९ टक्क्यांनी उतरते. मग त्वरणात ९ टक्क्यांची उतरण दिसायला नको होती का?

तापमापक

आपल्याच शीटमध्ये आणखी एक रकाना घाला. ०.८७४ ला ०.१३३ ची त्रुटी म्हणजे अधिक-उणे १५ टक्के. एकूण मापनाचीच शाश्वती १५ टक्क्यांपर्यंत असताना आणि आकडेमोड मुळात एकच स्थिर त्वरण गृहीत धरून केलेली असताना ९ टक्क्यांच्या उताराविषयी ठामपणे काही म्हणणे जोखमीचे होते. दोन्ही त्रुटी एकाच जातीच्या नाहीत, हे मान्य. उताराची त्रुटी स्वतंत्रपणे काढावी लागते. पण साडेअकरा वर्षांची फीत आखूड होती, ही गोष्ट खरी. पायोनियर ११ च्या तर पावणेचार वर्षांच्याच नोंदी त्यात होत्या.

पुढे २०११ मध्ये स्लाव्हा तुरिशेव, व्हिक्टर टोथ आणि सहकाऱ्यांनी पायोनियर १० च्या २३ वर्षांच्या आणि पायोनियर ११ च्या १० वर्षांच्या डॉप्लर नोंदी, म्हणजे वर आलेल्या संकेताच्या वारंवारितेच्या नोंदी, एकत्र तपासल्या, तेव्हा त्वरण काळानुसार घटते आहे असे मानले तर नोंदी अधिक चांगल्या जुळतात, असे दिसले. स्थिर त्वरणाचा आग्रह तिथे सैल झाला.

संशयात्मा

इतक्या लवकर समाधान मानू नये असे मला वाटते, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

एक तर, त्या २०११ च्या विश्लेषणात घटीचा जो वेग निघाला त्याचे अर्धायुष्य ८७.७ वर्षांपेक्षा पुष्कळ कमी, तीस वर्षांच्या आसपास होते. प्लुटोनियम कारण असेल तर ही घट फार जलद झाली. म्हणजे आधी ‘घट दिसत नाही’ म्हणून उष्णता नाकारली, आणि आता घट ‘भलत्याच वेगाने’ दिसत असूनही उष्णताच स्वीकारायची, हे कसे?

दुसरे, ०.८७ हा आकडा काही ऐरागैरा नाही. प्रकाशाचा वेग गुणिले हबल स्थिरांक हा गुणाकार करून पाहा. तो सुमारे ०.७ नॅनोमीटर प्रतिसेकंद वर्ग येतो. विश्वाच्या प्रसरणाशी निगडित राशी आणि एका यानाचे जादा त्वरण एकमेकांच्या इतके जवळ यावे, आणि दोन याने जवळजवळ विरुद्ध दिशांना जात असताना दोघांवर ते सारखेच दिसावे, हा निव्वळ योगायोग मानायला मन धजत नाही.

कक्षागणिती

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर आटोपतो. दोन याने एकाच आराखड्याची, एकाच कंत्राटदाराने बांधलेली, सारख्याच जनित्रांवर चालणारी होती. कारण यानाच्या आत असेल तर दोघांवर सारखा परिणाम होणे हीच अपेक्षा. त्यासाठी विश्वाची साक्ष काढावी लागत नाही. आणि सूर्याकडे ओढणारे असे बल जर अवकाशातच असते तर ते युरेनस आणि नेपच्यूनवरही लागू पडले असते. नेपच्यूनच्या अंतरावर सूर्याची ओढ सुमारे ६,६०० नॅनोमीटर प्रतिसेकंद वर्ग आहे, तिच्यात ०.८७ ची भर म्हणजे साडेसात हजारांत एक. ग्रहांच्या कक्षा त्याहून कितीतरी अधिक अचूकतेने ज्ञात आहेत आणि त्यांत अशी भर कुठेही आढळत नाही. ज्यांना नवे गुरुत्वाकर्षण हवे होते त्यांना ते यानांवर चालणारे पण ग्रहांना सोडून देणारे असे कल्पावे लागत होते, आणि तिथे त्या कल्पनेची रया जाते.

दिशेचाही एक सुंदर मुद्दा आहे. कारण गुरुत्वाकर्षण असेल तर ओढ सूर्याकडे हवी; घड्याळांचा किंवा संकेताचा दोष असेल तर परिणाम पृथ्वीच्या रोखाने दिसेल; धुळीचा अडथळा असेल तर तो गतीच्या उलट दिशेला; आणि यानाचीच उष्णता असेल तर त्याच्या गिरकीच्या अक्षावर. कागदावर या चार वेगळ्या दिशा आहेत. परंतु २० खगोलीय एककांवरून पाहता सूर्य आणि पृथ्वी यांच्यातला कोन जास्तीत जास्त तीन अंश भरतो, ४० एककांवर दीड अंशही नाही. चारही संशयित एकाच रेषेत उभे असल्याने केवळ डॉप्लर नोंदींवरून त्यांपैकी एकाला वेगळे काढणे फार अवघड होते. म्हणूनच निर्णय यानाच्या बाहेर न लागता आत लागला.

जलद घटीचे उत्तर तापमापक अधिक नीट देतील.

तापमापक

यात सारी गोम ‘उष्णता’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो यात आहे.

आरटीजी आपल्या उष्णतेतला थोडा भाग विजेत रूपांतरित करतात. ही वीज प्रक्षेपणाच्या वेळी दीडशे वॅटहून थोडी अधिक होती. ती पेटीतल्या उपकरणांत खर्च होते आणि, रेडिओ झोताचा भाग सोडला तर, अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. आरटीजीवरून थेट निघणारी उष्णता प्लुटोनियमच्या गतीने घटते. वीज मात्र त्याहून जलद घटते, कारण उष्णतेचे विजेत रूपांतर करणारे तपयुग्म काळाबरोबर झिजतात. तीस वर्षांत पायोनियर १० ची वीज निम्म्याहून खाली आली होती, तर प्लुटोनियमची उष्णता त्या काळात पाचव्या हिश्शाहून थोडीच अधिक उतरते.

तुरिशेव यांच्या गटाने २०१२ मध्ये यानाचे संपूर्ण औष्णिक प्रतिमान (उष्णतेच्या वाटचालीचे गणिती मॉडेल) मांडले, तेव्हा असे निघाले की आरटीजीच्या उष्णतेपैकी जेमतेम १ टक्का एकतर्फी धक्क्यात रूपांतरित होतो, परंतु विद्युत उष्णतेपैकी सुमारे ४० टक्के. याचे कारण उघड आहे: आरटीजी दांड्याच्या टोकाला मोकळ्यावर आहेत, तर विजेची उष्णता त्या पापुद्रे गुंडाळलेल्या पेटीत कोंडलेली आहे आणि तिला सर्वांत सोपी वाट मागच्या झडपांची आहे. संख्येने किरकोळ असलेला भाग परिणामाने मोठा ठरतो. त्यामुळे एकूण त्वरणाची घट प्लुटोनियमपेक्षा जलद असणे हेच अपेक्षित आहे. संशयात्मा यांनी ज्याला उणीव म्हटले तो माझ्या मते या उत्तराच्या बाजूचा पुरावा आहे. केवळ आकडे जुळवायचे असते तर कोणी ८७.७ वर्षांचीच घट जुळवली असती.

जुनी फीत

औष्णिक प्रतिमान मांडले म्हणजे नेमके कशाच्या आधारावर, हे या चर्चेत अजून आलेले नाही. माझा पिंड जुन्या नोंदी जपण्याचा, त्यामुळे या प्रकरणातला मला सर्वांत प्रिय भाग हाच.

पायोनियर १० मार्च १९७२ मध्ये आणि पायोनियर ११ एप्रिल १९७३ मध्ये निघाले. त्या काळच्या डॉप्लर नोंदी चुंबकीय फितींवर होत्या, त्यांच्या मांडणीच्या पद्धती दर काही वर्षांनी बदललेल्या होत्या आणि गुरू-शनीच्या भेटी आटोपल्यावर त्या जपून ठेवण्याचे कोणाला विशेष कारण उरले नव्हते. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अशा फितींची खोकी एका जिन्याखाली पडून होती. ती वाचू शकणारी यंत्रे शोधणे, जुनी मांडणी उलगडणे आणि नोंदींतील उणिवा भरून काढणे यात वर्षे गेली. या कामासाठी प्लॅनेटरी सोसायटी या अवकाशप्रेमींच्या संस्थेच्या सभासदांनी वर्गणीतून पैसे उभे केले होते.

त्याहून महत्त्वाची ठरली टेलिमेट्री, म्हणजे यानाने स्वतःच्या प्रकृतीविषयी पाठवलेल्या नोंदी. एम्स संशोधन केंद्रातील पायोनियर चमूपैकी एका माणसाने निगुतीने त्या नव्या माध्यमांवर उतरवून ठेवल्या होत्या म्हणून त्या वाचल्या. नेमाप्रमाणे त्या केव्हाच नष्ट झाल्या असत्या. व्हिक्टर टोथ यांनी त्या उलगडणारी संगणक प्रणाली लिहिली. आता यात काय मिळते ते पाहा: प्रत्येक आरटीजीच्या पात्याच्या बुडाचे तापमान, पेटीतल्या निरनिराळ्या ठिकाणची तापमाने, विद्युतदाब, प्रवाह, कोणते उपकरण केव्हा चालू होते आणि केव्हा बंद केले. म्हणजे यानाच्या कोणत्या कोपऱ्यात किती वॅट खर्च होत होते ते वर्षागणिक मांडता येते. उष्णतेचा हिशेब अंदाजाने न मांडता प्रत्यक्ष पावत्या लावून मांडता आला तो यामुळे. औष्णिक प्रतिमानाने दिलेली तापमाने आधी या नोंदींशी ताडून पाहिली गेली आणि मगच त्यातून धक्क्याचे गणित काढले गेले.

वैधृती यांची ‘आकडे जुळवले का’ ही शंका रास्त होती. तिचे उत्तर माझ्या मते इथे आहे: प्रतिमान तापमानांवर पारखले गेले, त्वरणावर नव्हे.

संशयात्मा

हा शेवटचा खुलासा वजनदार आहे, आणि जलद घटीविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेतो. तरी विचारतो: २०१२ च्या प्रतिमानातून सगळे ०.८७ भरून निघाले का? आणि हे सारे एकाच गटाचे म्हणणे आहे का?

कक्षागणिती

सगळे नाही. केवळ औष्णिक प्रतिमानातून सुमारे ८० टक्के भाग निघतो आणि उरलेला पाचवा हिस्सा दोन्ही बाजूंच्या त्रुटींच्या मर्यादेत बसतो, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने तो शून्याहून वेगळा म्हणता येत नाही. त्रुटीचे सर्वांत मोठे कारण मोठे मनोरंजक आहे: आरटीजीच्या पात्यांवरचा पांढरा रंग. अवकाशात दशकानुदशके राहून, ज्या बाजूला सूर्यप्रकाश पडत होता त्या बाजूच्या रंगाची उष्णता सोडण्याची क्षमता किती बदलली, हे आता तपासायला कोणी तिथे जाऊ शकत नाही. अडीच हजार वॅटच्या स्रोताच्या दोन अंगांत टक्क्याचा फरक पडला तरी या हिशेबात तो जाणवतो.

गट एकच नव्हता. जर्मनीतील ब्रेमेन येथील बेनी रीव्हर्स व क्लाउस लेमरझाल यांनी यानाचे बारीक भागांत विभागलेले स्वतंत्र प्रतिमान मांडले. पोर्तुगालमधील ओर्फेऊ बर्तोलामी आणि सहकाऱ्यांनी तर संगणकीय चित्रांत वस्तूंवरची चकाकी दाखवण्यासाठी वापरतात ती फाँग यांची पद्धत उष्णतेच्या परावर्तनासाठी वापरली. तबकडीच्या पाठीवरून उष्णता कशी उसळते हे मोजायला ती चपखल ठरली. तिन्ही मार्ग एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

जाता जाता एक पुस्ती. हाच परिणाम लघुग्रहांवरही होतो. त्याला यार्कोव्स्की परिणाम म्हणतात. सूर्याने तापलेली बाजू फिरून सावलीकडे जाताना उष्णता सोडते आणि लघुग्रहाची कक्षा हळूहळू सरकते. गोलेव्का या लघुग्रहाच्या बाबतीत १९९१ ते २००३ या काळातील रडार निरीक्षणांतून हे सरकणे सुमारे १५ किलोमीटर भरले. तेथे कोणाला नव्या भौतिकीची गरज भासली नाही.

सांध्यतारा

उत्तम चर्चा. एक उपप्रश्न: पृथ्वीजवळून जाताना काही यानांचा वेग अकारण वाढलेला आढळला होता, त्याचेही उत्तर उष्णताच आहे का?

तापमापक

नाही. डिसेंबर १९९० मध्ये गॅलिलिओ यानाच्या वेगात ३.९ मिलिमीटर प्रतिसेकंद आणि जानेवारी १९९८ मध्ये निअर यानाच्या वेगात १३.५ मिलिमीटर प्रतिसेकंद इतकी वाढ नोंदली गेली होती. पायोनियरएवढे त्वरण पूर्ण दिवसभर लागू राहिले तरी वेगात ०.०८ मिलिमीटर प्रतिसेकंदाहून कमी फरक पडतो, तेव्हा उष्णतेने हे भागत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये जूनो यान पृथ्वीजवळून गेले तेव्हा मात्र तशी वाढ आढळली नाही. तो प्रश्न अद्याप उघडा आहे. त्याच्यासाठी वेगळा धागा काढावा, इथे मिसळू नये.

वैधृती

नवी शीट मांडून झाली. आरटीजीची उष्णता २,४०० वॅट आणि वीज १०० वॅट असलेले एखादे वर्ष समजून अनुक्रमे १.०४ टक्के आणि ४०.६ टक्के हे गुणांक लावले, तर २५ वॅट अधिक ४०.६ वॅट, म्हणजे सुमारे ६६ वॅट येतात. तापमापक यांच्या त्रैराशिकातले ६४ वॅट फार दूर नाहीत. मग वीज ७० वॅटवर आणली आणि आरटीजी २,२०० वर, तर बेरीज ५१ वर उतरली: बावीस टक्क्यांची घट, जिच्यात प्लुटोनियमचा थेट वाटा दोन वॅटांचाच आहे.

पहिल्या शीटमध्ये मी विजेचा रकानाच ठेवला नव्हता. अडीच हजारांपुढे शंभर वॅट काय मोजायचे, असे वाटले होते.